भरतीच्या रेषेवरची लिजिया : दिवाळे, ऐरोली, उत्तन

शनिवार, माघ वद्य तृतीया : दिवाळे

खाडीकाठी फिरायचं ठरलं की मी गाडीच्या वेळापत्रकाआधी तिथी बघतो. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते. किनाऱ्यावरचा हा जुना हिशोब मुंबई-ठाण्याच्या बाजूला आजही बऱ्यापैकी लागू पडतो. तृतीयेला सव्वादोनची भरती, म्हणजे रात्री साडेआठच्या सुमाराला सुकती. पुनव नुकतीच होऊन गेलेली, त्यामुळे पाणी चांगलं चढणार आणि चांगलं उतरणार. नाशिकहून सकाळची गाडी धरली, दुपारी नेरूळला ताईकडे जेवलो आणि ऊन कलल्यावर भाचीला घेऊन बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्याकडे निघालो.

सई नववीत आहे आणि मी नाशिकला नववी-दहावीलाच विज्ञान शिकवतो. संधिपाद प्राण्यांचा धडा फळ्यावर शिकवून माझं समाधान होत नाही, म्हणून तिला म्हटलं होतं, या खेपेला तुला एक प्राणी जिथे राहतो तिथेच दाखवतो. तो प्राणी म्हणजे लिजिया. धक्क्यावर किंवा समुद्रकाठच्या खडकावर पाऊल टाकलं की करडे, चपटे जीव सरसर पळत फटींत नाहीसे होतात, ते तुम्ही पाहिले असतील. बहुतेक जण झुरळं समजून पाय मागे घेतात. पण लिजिया कीटक नाही, ती खेकडा-कोळंबीच्या गोतातली. बागेत कुंडी उचलली की खाली जे राखाडी, बारीक पायांचे जीव सापडतात, ज्यांतले काही बोट लावताच गोळी होतात, ते हिचे जवळचे नातेवाईक. हिला स्वतःला गोळी होता येत नाही. हिचा सगळा भरवसा पळण्यावर.

दिवाळ्याचा धक्का संध्याकाळी गजबजलेला असतो. होड्या येत होत्या, बर्फाच्या लाद्या फुटत होत्या, पोरं दोरांवर झोके घेत होती. खाडीवरून वारा होता, पण दमट. आम्ही गर्दीपासून जरा बाजूला, जुन्या दगडी बांधकामाच्या कडेला जाऊन उभे राहिलो. पाणी दोन-तीन हात उतरलं होतं आणि भिंतीचा ओला काळा पट्टा उघडा पडला होता. एकही लिजिया दिसेना. सई म्हणाली, "मामा, इथे नाहीतच." मी तिला खाली बसवलं, आमच्या सावल्या मागच्या बाजूला पडतील असं बसवलं आणि बोलू नकोस म्हटलं.

थोड्या वेळाने एका फटीतून दोन लांब मिशा बाहेर आल्या. त्या दगडाला टेकत, उचलत, पुन्हा टेकत राहिल्या. मग डोकं, त्यावर दोन्ही बाजूंना मोठे काळे डोळे. मग अख्खं अंग, माझ्या अंगठ्याच्या पेराएवढं, ओल्या काळ्या दगडाच्या रंगाचं, पाठीवर आडव्या पट्ट्या एकावर एक बसवलेल्या. शेवटी शेपटीकडचे दोन काटे, प्रत्येकाला पुढे दोन टोकं. एक बाहेर आली आणि तिच्यामागे भिंतच हलू लागली. जिथे काहीच नव्हतं तिथे शेकड्याने लिजिया होत्या आणि सगळ्या खाली, पाण्याने नुकत्याच सोडलेल्या दगडाकडे निघाल्या होत्या. सईने मोबाईलवर फोटो काढून मोठा केला आणि पाय मोजले. सात जोड्या, चौदा पाय. कीटकाचे सहा असतात, एवढं तिने स्वतःच म्हटलं. मला पुढे शिकवावं लागलं नाही.

दगडावर शेवाळाचा बारीक थर असतो, तो त्या खरवडून खातात. कुजलेला पालापाचोळा, मेलेला मासा, धक्क्यावर सांडलेली माशांची आतडी, काहीच वर्ज्य नाही. रात्रंदिवस माशांचं काम चालणाऱ्या जागेची बरीचशी साफसफाई या करतात आणि स्वतः खेकड्यांच्या, ढोकऱ्यांच्या पोटात जातात.

आम्ही भिंतीला नाक लावून बसलेलो पाहून एक कोळीण मावशी टोपली टेकवून थांबल्या. "काय बगताव तुमी?" सईने फोटो दाखवला. मावशींना त्यात नवल वाटलं नाही. "यो तर दगडाव रोजचाच हाय. माशान पन असतो त्याचा भाव." म्हणजे भाऊ. आणि त्यांनी टोपलीतले बांगडे चाळायला सुरुवात केली. चार-पाच बांगड्यांची झाकणं अंगठ्याने उघडून पाहिली आणि एकाच्या कल्ल्यातून नखाने एक फिकट, वाकडा, जाडसर जीव काढून सईच्या हातावर ठेवला. तोही आयसोपॉडच, म्हणजे लिजियाच्याच गटातला. बांगड्याच्या कल्ल्यात राहून त्याचं रक्त पिणारा. पाय तसेच सात जोड्या, पण पळण्याचे नव्हेत, आकड्यासारखे वळलेले. एकाच कुळातल्या एकाने खडक धरला, दुसऱ्याने मासा धरला, हे मी वर्गात किती वेळा सांगितलं असतं आणि किती पोरांना पटलं असतं? मावशींनी टोपली उचलली आणि जाता जाता बजावलं, "मासा खराब नसतो त्यान. धुवून खाव." आम्ही त्यांच्याकडूनच अर्धा किलो बांगडे घेतले.

अंधार पडता पडता मला जे पाहायचं होतं ते दिसलं. भिंतीच्या पायथ्याशी दगडाच्या खळग्यात बोटभर पाणी राहिलं होतं. एक मोठी लिजिया कडेला आली, पाण्यात उतरली नाही. तिने मागचं अंग जरा खाली टेकवलं, एका बाजूचे शेवटचे दोन पाय एकमेकांना चिकटवले आणि त्यांची टोकं पाण्यात बुडवून तशीच उभी राहिली. ती पाणी भरत होती. तोंडाने नव्हे, पायांनी. या दोन पायांवर सूक्ष्म केसांच्या आणि वल्ह्यासारख्या चपट्या कंगोऱ्यांच्या रांगा असतात. पाय जुळले की त्या रांगांमधून पाणी आपोआप वर चढतं, कोणताही स्नायू न हलवता, आणि पोटाखालच्या पानांसारख्या पातळ अवयवांपर्यंत पोचतं. 2007 मध्ये जपानी संशोधकांनी लिजिया एक्झॉटिका या जातीवर काम करून हे दाखवलं. भारताच्या किनाऱ्यावरही हीच जात नोंदली गेली आहे.

हा सगळा खटाटोप श्वासासाठी. पोटाखालची ती पानं म्हणजे तिचे कल्ले. बागेतल्या कित्येक भाऊबंदांच्या पोटाखाली पांढरे ठिपके दिसतात, ती हवा घेण्याची सोय असते. लिजियाकडे ती नाही. ती जमिनीवर राहते, पण श्वास घेते ओल्या कल्ल्यांनी. कल्ले सुकले की संपलं. म्हणून पाण्यापासून लांब जाता येत नाही, आणि पाण्यात राहावं तर तिथे मासे टपलेले. भरतीच्या रेषेवरची ओल हेच तिचं घर.

रात्री बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटीन कागद लावून पाहिलं तेव्हा त्याच भिंतीवरच्या लिजिया फिकट, जवळजवळ मातकट दिसल्या. लाल उजेडाचा परिणाम असेल म्हणून क्षणभर पांढरा उजेड टाकला. खरोखरच फिकट होत्या. त्यांच्या त्वचेत रंगद्रव्याच्या पेशी असतात. दिवसा रंग पसरतो आणि अंग गडद होतं, रात्री तो आक्रसतो.

जाणाऱ्यांसाठी : धक्क्यावर चपला नकोत, पकड असलेले बूट घाला, शेवाळावर पाय सरकतो. एक भिंग ठेवा. होड्यांच्या दोरांवरून चालू नका. अंधारात एकट्याने कडेला जाऊ नका, गावातल्या कुणाला तरी सांगून बसा. आणि लिजिया हाताने पकडू नका, मिशा आणि पाय पटकन तुटतात. पाहायचीच असेल तर पारदर्शक डबीत ओल्या शेवाळाचा तुकडा टाकून तिला त्यात चालत येऊ द्या आणि लगेच तिथेच सोडा.

बांगडे ताईने तिरफळ घालून केले. तिरफळाचा वास असलेलं लाल कालवण आणि गरम भात, रात्री दहा वाजता.

रविवार, संकष्टी : ऐरोली

ताईचा उपास, त्यामुळे सकाळी सगळ्यांनाच साबुदाण्याची खिचडी. चतुर्थीची भरती तीनला, म्हणून ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातली दुपारची फेरी धरली होती. होडी भरतीच्या पाण्यावरच सुटते, तेव्हा तुम्हीही वेळ ठरवताना आधी तिथी बघा आणि मगच नावनोंदणी करा. हंगामात शनिवार-रविवार लवकर भरतात.

केंद्र पाहण्यासारखं आहे, विशेषतः मुलं बरोबर असतील तर. खारफुटीतून लाकडी पायवाट आहे. तिवराची मुळं चिखलातून सरळ वर आलेली, त्यांच्यामध्ये निवट्या उड्या मारतात, लाल नांगीचे खेकडे बिळाच्या तोंडाशी नांगी हलवत बसलेले असतात. निवटी हा मासा असून चिखलावर चालतो आणि लिजिया कोळंबीच्या गोतातली असून भिंतीवर चढते. खाडीकाठाने या दोघांना पाण्याबाहेर काढलंय, पण वेगवेगळ्या वाटेने. निवटी ओल्या त्वचेने आणि तोंडातल्या ओलाव्याने निभावते, लिजिया पायांनी पाणी ओढते.

सईने पायवाटेवर तास घालवला आणि विचारलं, "मामा, इथे एवढी ओल आहे, मग इथे लिजिया का नाही?" प्रश्न अगदी बरोबर होता. ओल आहे, खायला आहे, सावली आहे. फट नाही. मऊ चिखलात लिजियाला शिरायला जागा नाही, ती बीळ खणत नाही. तिला हवा टणक उभा पृष्ठभाग, त्यात अंगाच्या जाडीची चीर, आणि चिरेच्या आत दिवसभर टिकणारा ओलावा. ठाणे खाडी उत्तरेकडे अरुंद होत जाणारी, दोन्ही काठांनी गाळ आणि तिवर असलेली खाडी आहे. तिच्यात नैसर्गिक खडक थोडका. मग या बाजूला लिजिया राहते कुठे? माणसाने बांधलेल्या दगडात. धक्के, पुलांचे पाये, बंधाऱ्यांचं डबर, काठावर उलट्या घालून ठेवलेल्या होड्या. कोळीवाड्याचा धक्का बांधला गेला आणि खाडीच्या पोटात एक खडकाळ किनारा तयार झाला.

हे तिच्या बाबतीत नवीन नाही. 1828 साली लिजिया एक्झॉटिकाचं पहिलं शास्त्रीय वर्णन झालं ते फ्रान्समधल्या मार्सेय बंदरातल्या नमुन्यांवरून. बंदरातून बंदरात जाणाऱ्या लाकडी जहाजांच्या फळ्यांत लपून ती जगभरच्या उष्ण आणि समशीतोष्ण किनाऱ्यांवर पसरली, असं मानलं जातं. ओलसर लाकूड, फटी, खायला शेवाळ, जहाजावर आणखी काय लागतं?

होडी सुटली तेव्हा वारा वाढला होता. रोहित पक्ष्यांबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी आवरतं घेतो. पण पाण्याच्या कडेला ती गुलाबी रांग दिसली तेव्हा होडीतले सगळे एकदम गप्प झाले, हे सांगायलाच हवं. छोटे आणि मोठे असे दोन्ही रोहित इथे येतात. छोटा रोहित चोच उलटी करून पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ गाळतो. म्हणजे दिवाळ्याच्या भिंतीवरची लिजिया आणि हा पक्षी, दोघांच्या ताटात शेवाळच. 2015 मध्ये खाडीच्या 1690 हेक्टर भागाला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि 2022 मध्ये ठाणे खाडी रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली.

होडी चालवणारे काका ऐरोलीकडचेच. सईने त्यांना बांगड्यातल्या किड्याची गोष्ट सांगितली, तर ते म्हणाले, लाकूड खाणारा पण असतो, दाखवतो. परत आल्यावर काठावर पडलेला एक वाळका ओंडका त्यांनी उलटा केला. त्यात पेन्सिल जाईल एवढी गोल भोकं, एकाशेजारी एक. काकांनी कोयत्याने एक कपची काढली. आत एक छोटा, फुगीर, करडा जीव, बोट लागताच गोळी झाला. हाही आयसोपॉड, स्फेरोमा. तो लाकूड पोखरतो खरा, पण पोटासाठी नव्हे, राहण्यासाठी. बिळात बसून पाणी खेळवतो आणि त्यातले अन्नकण गाळून खातो. काका म्हणाले, जुन्या लाकडी होड्यांना याचा आणि बाकीच्या पोखरणाऱ्या किड्यांचा फार त्रास असायचा, म्हणून होडी वेळोवेळी वर ओढून बुडाला लेप द्यावा लागे. सईने वहीत तीन चित्रं शेजारी शेजारी काढली : खडकावरची, माशातला, लाकडातला. पाय तिन्हींना सात जोड्या.

एक गोष्ट मात्र टोचली. केंद्राबाहेर रस्त्यालगतच्या नाल्याच्या तोंडाशी दगडी बांध आहे. ओल आहे, फटी आहेत, पण पाण्यावर तेलाचा तवंग आणि दगडावर काळा चिकट थर. अर्धा तास बसलो, एक लिजिया दिसली नाही. अर्ध्या तासावरून काही सिद्ध होत नाही हे मी पोरांना शिकवतो, म्हणून इथेही तेवढंच म्हणतो. पण लिजियाच्या कुळातले जीव तांबं, जस्त असे धातू अंगात साठवतात आणि म्हणून प्रदूषण मोजायला शास्त्रज्ञ त्यांचा उपयोग करतात. त्यांच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारं द्रव्यच तांब्याचं असतं, आपल्यासारखं लोहाचं नव्हे. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याच्या काठाने राहणाऱ्या या जीवांच्या अंगात काय काय साठतंय, हे आसपासच्या महाविद्यालयांतल्या प्राणिशास्त्राच्या मुलांनी प्रकल्प म्हणून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. खर्च फार नाही आणि जीव घराजवळ मिळतो.

रात्री चंद्र उगवेपर्यंत ताई थांबली. दाजी गच्चीवर जाऊन तीनदा पाहून आले. नंतर उकडीचे मोदक, वर तुपाची धार.

सोमवार : उत्तन

पंचमीची सुकती दहाच्या आत. म्हणून पहाटे निघालो, दाजींची गाडी. घोडबंदर रस्त्याला गायमुखाच्या चढावर एक ट्रेलर आडवा बंद पडला होता आणि मागे जिथवर नजर जाईल तिथवर दिवे. दोन तास तिथेच गेले. थर्मासमधला चहा संपला, सईने झोप काढली. तुम्ही नवी मुंबईकडून जाणार असाल तर ही वाट धरताना वेळ सोडूनच निघा. लोकलने भाईंदरला उतरून पश्चिमेकडून उत्तनची बस धरणं जास्त खात्रीचं.

उत्तनला पोचलो तेव्हा साडेदहा झाले होते, ऊन तापायला लागलं होतं. पण गाव उतरतानाच त्रास विसरायला झाला. समोर उघडा समुद्र, रंगीत होड्या, चर्चचा मनोरा आणि मोकळ्या मैदानात वलांड्यांवर टांगलेले बोंबील. जोडी जोडीने, तोंडात तोंड अडकवून, वाऱ्यावर हलणारे हजारो बोंबील. वलांडीखालून जाऊ नका आणि फोटो काढण्याआधी विचारा. विचारल्यावर कुणी नाही म्हणालं नाही, उलट एका आजींनी सईला कोणता बोंबील नीट वाळलाय हे वाकवून कसं ओळखायचं ते शिकवलं.

खाडीत दगड माणसाने आणून टाकलेला. इथे तो मूळचाच. काळा कातळ समुद्रात उतरत गेलेला, त्याला चिरा, कपारी, डबकी. पाणी परत चढायला लागलं होतं, पण लिजियासाठी सुकतीची गरजच नसते, ती भरतीच्या रेषेच्या वर राहते. वरच्या कोरड्या कातळावर पांढरट थर, त्याखाली काळपट पट्टा, त्याखाली कालवांचा पट्टा. काळपट आणि पांढरट यांच्या सीमेवर फटी शोधायच्या. इथल्या लिजिया दिवाळ्यापेक्षा बुजऱ्या वाटल्या, माणसांची सवय कमी म्हणून असेल.

अकराच्या पुढे एक विलक्षण गोष्ट पाहिली. कातळ इतका तापला होता की तळहात टेकवत नव्हता. अशा वेळी ओल्या जीवाने फटीत खोल जावं अशी आपली अपेक्षा. पण एका उथळ कपारीतून चार-पाच लिजिया बाहेर आल्या आणि उन्हात, वाऱ्याच्या तोंडाशी, पाय ताणून अंग दगडापासून उचलून उभ्या राहिल्या. सईला वाटलं त्या मरायला आल्यात. खरं कारण उलटं आहे. उथळ फटीतली हवा दमट आणि कोंडलेली असते, तिथे अंगावरचं पाणी वाफ होऊन उडत नाही, त्यामुळे अंग तापत जातं. बाहेर ऊन असलं तरी वारा असतो, पाणी उडतं आणि अंग थंड होतं. एडनी या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 1950 च्या दशकात लिजियाच्याच युरोपातल्या एका जातीवर तापमान मोजून हे दाखवलं. पाणी उडवून थंड व्हायचं तर ते पुन्हा भरायलाही हवं. थोड्या वेळाने त्यातल्या दोघी डबक्याच्या कडेला गेल्या आणि शनिवारी पाहिलेली तीच कृती, शेवटचे पाय जुळवून पाण्यात. सई माझ्याआधी कुजबुजली, "पाणी भरतायत."

एक मात्र वेगळीच दिसली. पुढचं अर्धं अंग मळकट करडं आणि मागचं अर्धं स्वच्छ, जवळजवळ निळसर. मधोमध रेघ मारल्यासारखी सीमा. दाजींना ती दोन वेगळ्या प्राण्यांची जोडी वाटली. ती कात टाकत होती. खेकडा, कोळंबी कात टाकतात ती अख्खी, आणि कवच टणक होईपर्यंत लपून बसतात. लिजिया आणि तिचे भाऊबंद आधी मागचा अर्धा भाग सोलून काढतात आणि काही काळाने पुढचा. त्यामुळे कोणत्याही वेळी अंगाचा अर्धा भाग टणक असतो. जुन्या कवचातला चुना वाया जात नाही : कात टाकण्याआधी तो पुढच्या भागात छातीखाली साठवून ठेवलेला असतो आणि नव्या कवचासाठी परत वापरला जातो. टाकलेली कातही बहुधा खाऊन टाकतात.

डबीत चालत आलेल्या एका मादीला भिंगाने खालून पाहिलं. पायांच्या मधे पातळ पानांची पिशवी, आत पिवळसर अंडी स्पष्ट दिसत होती. खेकड्याची मादी अंडी पोटाखाली धरते, पण तिची पिल्लं पाण्यात सोडली जातात आणि तरंगत वाढतात. लिजियाला ते चालणार नाही. म्हणून ती अंडी अंगाच्या ओल्या पिशवीत वाढवते. पिल्लू बाहेर येतं ते आईसारखंच, फक्त सातवी पायांची जोडी नसते. ती पुढे कात टाकत गेल्यावर फुटते. समुद्र सोडणाऱ्या आईने समुद्राचा एक घोट पोटाखाली बांधून आणला, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. तिला आम्ही जिथून घेतलं त्याच फटीशी सोडलं.

दगड उलटायचा मोह होतो. उलटलात तर हळूच उलटा आणि जसा होता तसाच ठेवा. खालची ओल उन्हात काही मिनिटांत जाते आणि तिच्यावर जगणारं सगळं तिच्याबरोबर जातं.

जेवण एका घरगुती खाणावळीत. दाजी सोमवार पाळतात, त्यांना आमटी-भात आणि तोंडलीची भाजी मिळाली. आम्हाला ओले बोंबील, रव्यात कुरकुरीत तळलेले, आणि बाटली मसाल्यातलं कोळंबीचं कालवण, सोबत तांदळाची भाकरी. बाटली मसाल्याचा वास आपल्या गोड्या मसाल्यापेक्षा वेगळा, तिखट आणि खमंग. घरी नेण्यासाठी थोडा मागितला तर बाईंनी पुडी बांधून दिली, पैसे घ्यायला तयार नव्हत्या, मग सुके बोंबील विकत घेऊन भरपाई केली.

खाणावळीच्या ओट्यावर एक वयस्क मच्छीमार काका जाळं विणत बसले होते. आम्ही काय बघत होतो ते त्यांनी आधीच ऐकलं होतं, गावात बातमी लवकर फिरते. त्यांनी मला समोरचा नवा काँक्रीटचा ओटा दाखवला आणि म्हणाले, यावर नाही मिळणार, गुळगुळीत आहे, फट नाय. त्याच्या पलीकडचा जुना, सांध्यांतला चुना निघालेला दगडी कठडा दाखवला. "त्याव बगा, कवापन." खरंच होतं, थोड्या वेळापूर्वी आम्ही तिथेच डबी लावली होती. मी जे पुस्तकांतून वाचून आलो होतो ते त्यांनी रोज जाता-येता पाहिलेलं होतं. आणखी एक गोष्ट मला त्यांच्याकडूनच कळली. पावसात लाटा कठड्यावरून जातात तेव्हा हे जीव गावात चढतात, समुद्राकडच्या घरांच्या जोत्यापर्यंत, आणि वर ओढलेल्या होड्यांच्या खाली दाटी करतात. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, होड्या सगळ्या काठावर असतात. "तवा या," ते सईला म्हणाले, "होरी उचलून दाखवतो."

सईच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. दाजींनी तिथल्या तिथे पंचांग काढून जूनच्या पहिल्या आठवड्यातल्या तिथी पाहिल्या.